आधी बोला, मग दाबा

मला लोक तापट म्हणतात. म्हणोत बापडे. मी तापट आहेच. लहानपणापासून माझा आवाज असा की दादाने माझं नाव टिटवी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पण त्या सोमवारी जिच्यावर ओरडायला हवं होतं ती मीच होते, आणि स्वतःवर कितीही ओरडलं तरी झालेलं परत फिरत नाही.

दादा माझा मोठा भाऊ. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर, एकतीस वर्षं. सहा महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला. डोकं पहिल्यासारखंच तल्लख. पण उजव्या हाताची बोटं लाकडासारखी राहिली आणि जीभ जड झाली. रजा संपत आली तशी ऑफिसातून चिठ्ठी आली: सोमवारी अकरा वाजता चाचणी. वीस मिनिटांत बारा कामं करून दाखवायची. जमलं तर खुर्ची पुन्हा त्याची. नाही जमलं तर स्टोअरमध्ये बदली, पाने आणि पकडी मोजून द्यायला.

"स्टोअरमध्ये बसण्यापेक्षा मी घरी बसेन," दादा वहिनीला म्हणाला होता. वहिनीने मला हे स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. "घरी बसला तर हा माणूस वर्ष काढायचा नाही गं," म्हणाली. मला माहीत होतं ती बरोबर बोलतेय.

आता हे काम काय ते सांगते. लोकांना वाटतं कंट्रोल रूम म्हणजे लाल-हिरवी बटणं. आमच्याकडे काळा पडदा आहे नुसता. शेल म्हणतात त्याला. त्यावर कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, की तिकडे आवाराच्या दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचा व्हॉल्व्ह हलतो. एकेक कमांड तीस-चाळीस अक्षरांची. टाकीचा नंबर, व्हॉल्व्हचा नंबर, उघड की बंद, किती टक्के, मध्ये आडव्या रेघा. एक रेघ राहिली की मशीन ढिम्म. दादा पूर्वी हे सगळं न बघता टाइप करायचा आणि वर माझी थट्टाही करायचा. आता डाव्या हाताच्या एका बोटाने एक कमांड लिहायला त्याला दोन मिनिटं लागायची, आणि त्यात तीनदा खोडायचं.

मी त्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर विभागात. डोकं लावलं. म्हटलं, रोज तीच तर कामं असतात. काल दिलेली कमांडच आज द्यायची. मशीनला जुन्या कमांड आठवतात, पण त्या एकेक करून बाण दाबत मागे जाऊन शोधायच्या, म्हणजे पुन्हा बोटांचेच हाल. मी काय केलं, त्या सगळ्या जुन्या कमांडची यादी पडद्याच्या उजव्या बाजूला उभी मांडली. माऊसचं चाक फिरवलं की यादी वरखाली होते. एखाद्या ओळीवर क्लिक केलं की ती कमांड खाली येऊन बसते, हवा तर आकडा बदलायचा. आणि डबल क्लिक केलं की थेट निघते, एंटरसुद्धा दाबायला नको. माऊस डाव्या हातात. तीन दिवसांत दादा असा चालवायला लागला की माझीच छाती फुगली.

पण एक गोष्ट होती, आणि ती मी मुद्दाम शेवटी सांगतेय कारण सांगायला जिवावर येतं.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'आधी बोला, मग दाबा.' फिटरकाकांनी लिहिलेलं, त्यांच्या तरुणपणी. फिटरकाका म्हणजे दादाचा जिवाभावाचा दोस्त. व्हॉल्व्हची आणि टाक्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे. नियम असा की ऑपरेटरने कमांड मोठ्याने वाचायची, खोलीतल्या दुसऱ्या माणसाने ती जशीच्या तशी परत म्हणायची, आणि मगच एंटर. नवीन आलेली पोरं हसतात, म्हणतात शाळा आहे का. दादा एकतीस वर्षं हे पाळत आला. वहिनी म्हणते, झोपेतही व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तिने 'बंद' म्हटल्याशिवाय कूस बदलायचा नाही.

झटका आल्यावर त्याचं 'टाकी' 'ताती' झालं. गच्चीवर रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसायचे आणि तो डॉक्टरने दिलेले शब्द म्हणायचा. सहा महिने ऐकून ऐकून मला त्याचं सगळं कळायचं. पण चारचौघांत त्याचं तोंड कुलूपबंद. फिटरकाकांचा फोन आला तरी वहिनीच्या हातात द्यायचा.

डबल क्लिकचं मी दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, "हे नको. क्लिक केलं की कमांड फक्त खाली येऊ दे. एंटर मी वेगळं दाबीन."

"अरे, बोटांना त्रास कशाला देतोस?"

"नको म्हणतोय ना."

दोनदा म्हणाला. मग गप्प बसला. मला कळलं होतं तो का गप्प बसला, आणि त्यालाही कळलं होतं की मला कळलंय. एंटर नाही म्हणजे थांबणं नाही, आणि थांबणं नाही म्हणजे बोलणं नाही. दोघांनीही विषय काढला नाही. शहाणी बाई मी! जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

सोमवारी अकराला मोठ्या बाई आल्या. त्या आमच्या सगळ्यांच्या वरच्या, बारीक अंगाच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. वाईट नाहीत. वाईट असत्या तर बरं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. बाई न्यायी आहेत, आणि न्यायी माणसाची मला जास्त भीती वाटते. हातात स्टॉपवॉच, काखेत फाइल. मला म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीवर बसा. कीबोर्डला हात लावायचा नाही. लावलात तर चाचणी रद्द."

मी बसले, दादापासून हातभर अंतरावर.

त्या दिवशी चार नंबरची टाकी रिकामी केलेली होती. फिटरकाका आत उतरून तळाचा गाळ खरवडत होते. टाकी दोन माणसं खोल, चढायला लोखंडी शिडी एकाच टोकाला. असं कुणी आत असलं की पाणी आत सोडणाऱ्या, म्हणजे इनलेटच्या, व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी-कुलूप घालतात, म्हणजे मोटर कितीही ओढू दे, चाक फिरत नाही. पण सकाळी दहाला काकांनीच साखळी काढली होती, ग्रीस भरायला, आणि ग्रीस मुरू दे मग लावतो म्हणून खाली उतरले होते. तसं त्यांनी फोनवर कळवलंही. टाकीच्या काठावरचा फोन स्पीकरवर उघडाच ठेवलेला. कंट्रोल रूममध्ये त्यांच्या फावड्याची खरखर ऐकू येत होती. दादाने फळ्यावर डाव्या हाताने वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'टाकी ४. आत माणूस. हात लावू नये.'

बाईंनी घड्याळ सुरू केलं.

पहिलं काम, दुसरं, तिसरं. दादा माऊस फिरवतोय, टकटक, झालं. मी पदराखाली बोटांवर मोजत होते. सातव्या कामाला बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलत नाही?" आणि भिंतीकडे बघितलं.

दादाचा कान लाल झाला. त्याने पडद्यावरच्या यादीकडे बोट दाखवलं.

मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाई, सगळं डोळ्यांसमोर लिहिलेलं दिसतंय की. बोलायचं कशाला?"

बाईंनी पेन्सिल काढली, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, पेन्सिल परत खोचली.

नऊ कामं झाली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. तीनच उरली होती. मला वाटलं, घरी जाताना वहिनीसाठी फुलं घ्यावीत.

दहावं काम: पाच नंबरच्या टाकीत पाणी घ्यायचं, साठ टक्के. दादाने यादी वर नेली. ती ओळ सापडली. तिच्या डोक्यावरची ओळ होती चार नंबरच्या टाकीची, उघड, शंभर टक्के. गेल्या आठवड्यात दोन्ही टाक्या लागोपाठ भरल्या होत्या. दादाने माऊस पाचच्या ओळीवर नेला.

आता ऐका. आमच्याकडे सगळे ऑपरेटर मशीनमध्ये एकाच नावाने लॉगिन करतात. खालच्या पंपघरातली ऑपरेटरही. म्हणून माझ्या यादीत सगळ्यांच्या कमांड यायच्या, ताजी सगळ्यात वर. याचा मला केवढा अभिमान होता! त्याच क्षणाला पंपघरात तिने आपली एक साधी कमांड दिली. माझ्या यादीत ती वर येऊन बसली आणि बाकीच्या सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. माऊस जागच्या जागी. त्याच्याखाली पाचच्या जागी चार. आणि दादाचं बोट आधीच निघालेलं होतं.

टकटक.

पडद्यावर आलं: टाकी ४, उघडतोय, २ टक्के.

दादाच्या घशातून आवाज निघाला. तसला आवाज मी त्याच्या तोंडून झटका आला त्या दिवशी ऐकला होता.

"काय झालं?" बाई उठल्या.

"चार!" मी किंचाळले. "चार उघडला!"

तो व्हॉल्व्ह पुरता उघडायला तीन मिनिटं लागतात. अर्धा उघडला की माणूस पायावर उभा राहू शकत नाही. दादाने यादीतली 'टाकी ४ बंद' शोधून तिच्यावर डबल क्लिक केलं. मशीनने उत्तर दिलं: हालचाल सुरू आहे. मोटर एकदा निघाली की पुरं उघडल्याशिवाय 'बंद' ऐकतच नाही. आधी तिला 'थांब' द्यावं लागतं, तातडीचं. दादा यादीत वर गेला, खाली गेला, पुन्हा वर. मीही बघत होते. 'थांब' नव्हतं. कसं असणार? यादीत तेच असतं जे पूर्वी कधीतरी केलेलं असतं. चार नंबरला तातडीने थांबवायची वेळ कधी आलीच नव्हती.

८ टक्के.

"काका, बाहेर या! पाणी सुटलंय!" बाई स्पीकरवर ओरडल्या. तिकडून फावडं पडल्याचा आवाज आला आणि मागून पाण्याचा. शिडी टाकीच्या दुसऱ्या टोकाला, पायात गमबूट, खाली घोटाभर गाळ, आणि वय साठीला टेकलेलं.

दादाने कीबोर्ड ओढला. डावं बोट. एक अक्षर. दुसरं. तिसरं चुकलं. खोडलं. पुन्हा चुकलं.

१५ टक्के.

"सरक!" मी त्याची खुर्ची ढकलली आणि कीबोर्डवर हात ठेवले. चाचणी गेली खड्ड्यात. पण पुढे काय टाइप करायचं? मला ती कमांड कुठे येत होती? मी कॉम्प्युटरवाली, मोटरचा नंबर, तातडीचा शब्द, कुठली रेघ कुठे, मला ओ की ठो माहीत नव्हतं. ते सगळं दादाच्या डोक्यात, तिथून बाहेर यायची वाट एकच.

"बोल, दादा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"बोल ना रे मेल्या! काका मरतील तिकडे!"

त्याने तोंड उघडलं. पहिला शब्द फुटेना, नुसती हवा आली. मग आला. जड, ओला, अर्धा चावलेला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं कण्हतोय. मला प्रत्येक अक्षर कळलं. "मोटर," मी मोठ्याने म्हटलं आणि टाइप केलं. त्याने पुढचा शब्द दिला. मी परत म्हटला, टाइप केला. रेघ. रेघ. आकडा. रेघ. "थांब," तो म्हणाला. "थांब," मी म्हटलं. "तातडी." "तातडी."

३१ टक्के. स्पीकरमधून आता नुसता पाण्याचा धबधबा.

माझं बोट एंटरवर गेलं आणि दादाने माझं मनगट धरलं.

"वाच," म्हणाला.

"वेळ नाही रे!"

"वाच."

मी रडत रडत वाचलं. "मोटर, इनलेट, टाकी पाच..."

"चार!"

पाच! माझ्या डोक्यात ते दहावं काम बसलं होतं, हाताने पाच लिहिलं होतं. तसंच दाबलं असतं तर मशीनने चालू नसलेली मोटर थांबवली असती आणि मला सांगितलं असतं, झालं तुमचं काम. मी पाचचा चार केला. पुन्हा वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"बरोबर," दादा म्हणाला. "दाब."

मी दाबलं.

४२ टक्के. आकडा तिथेच थांबला. दादाने माऊस घेतला, 'टाकी ४ बंद'वर एकदाच क्लिक केलं, ओळ खाली आली, आणि तो बोलला: "टाकी चार, बंद." मी म्हटलं, "टाकी चार, बंद." त्याने डाव्या हाताने एंटर दाबलं. आकडा उतरायला लागला.

स्पीकरमध्ये पाण्याचा आवाज कमी होत गेला. माणसाचा आवाज नाही. बाईंच्या हातातलं स्टॉपवॉच अजून चालूच होतं, त्याची टिकटिक मला ऐकू येत होती. मी मनात काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

"अरे कुणी..." स्पीकर खाकरला. "कोण गाढव आहे रे वर? बूट भरले माझे!"

बाई खाली बसल्या. दादाने टेबलावर कपाळ टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. मीही रडले. लाज कसली त्यात.

दहा मिनिटांनी काका आले. कमरेपर्यंत भिजलेले, एका गुडघ्यातून रक्त, पावलागणिक बुटातून पाणी. तोवर मी बाईंना सगळं सांगून टाकलं होतं. दादा "चूक माझी" म्हणायला लागला होता, मी त्याला बोलू दिलं नाही. सरकणारी यादी माझी. डबल क्लिक माझं. त्याने दोनदा नको म्हटलं होतं तेही सांगितलं. आणि तो का गप्प बसला तेही.

बाईंनी फाइल उघडली. वरचाच कागद स्टोअरच्या बदलीचा होता. त्यांनी पेन्सिल काढली नाही, पेन काढलं. मग काकांकडे बघून थांबल्या.

"टाकीत तुम्ही उतरता," म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. या खुर्चीत कोण बसायचं?"

काका दादासमोर जाऊन उभे राहिले.

"सहा महिने," म्हणाले. "सहा महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. फोन केला की वहिनी. घरी आलो की तू झोपलेला. मला वाटलं, काय वाईट केलं बाबा मी याचं."

दादा खाली बघत होता.

"खाली पाण्यात होतो ना, शिडीकडे पळत होतो, दोनदा पडलो. तेवढ्यात फोनमधून तुझा आवाज आला. थांब म्हणालास. ऐकला मी. मग पळणं सोडलं आणि बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, हा बोलायला लागला म्हणजे आता व्हॉल्व्ह थांबतोच." काकांनी नाक पुसलं. "मला खड्ड्यातून कळलं तुझं बोलणं, धबधब्यातून. मग लाज कुणाची धरत होतास रे?"

मग ते बाईंकडे वळले. "साखळी मी काढली, डबल क्लिक या टिटवीने ठेवलं, आणि तोंड यानं मिटलं. तिघांचे कान एकदमच उपटा. पण खुर्चीत हाच. आणि मुका बसणार असेल, तर मी टाकीत उतरणार नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. चाचणी रद्दच झाली होती. त्यांनी दुपारी तीनची नवी वेळ दिली आणि मला म्हणाल्या, "तोवर तुमची यादी नीट करा." मी जेवले नाही. डबल क्लिक काढून टाकलं. माऊस यादीवर असेपर्यंत यादी हलणारच नाही असं केलं. कुलूपच घातलं तिला.

तीन वाजता दादाने बाराच्या बारा कामं केली. प्रत्येक कमांड क्लिकने खाली आणली, मोठ्याने वाचली. पहिल्या दोन वेळा बाईंनी "काय?" विचारलं, दादा घामाघूम झाला, पण त्याने पुन्हा म्हटलं. तिसरीपासून बाईच ती परत म्हणू लागल्या. सत्तावीस मिनिटं लागली.

अट वीसची होती.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "ही वीस मिनिटं मी ठरवली होती," म्हणाल्या. "त्यात बोलायचा वेळ धरलाच नव्हता. तो घोटाळा माझा." त्यांनी वीसवर काट मारली, तीस केलं, खाली सही केली, आणि बदलीचा कागद मधोमध फाडला.

गाळ अजून अर्धा तसाच होता. काकांनी कोरडे बूट घातले, गुडघ्याला पट्टी बांधली, आणि या वेळी साखळी स्वतःच्या हाताने लावून मगच उतरले. साखळी असली की पडद्यावरचं कुलूप कुणी घालत नसे; आज दादाने ती कमांडही डाव्या बोटाने टाइप केली आणि स्पीकरकडे तोंड नेलं.

"टाकी चार," तो म्हणाला. जड, ओलं, सगळ्यांसमोर. "इनलेट बंद. कुलूप घाल."

खालून, रिकाम्या टाकीतून, काकांचा आवाज आला, "टाकी चार. इनलेट बंद. कुलूप घाल."

दादाने तो पुरा ऐकला, आणि मग एंटर दाबलं.